करपलेल्या तारेचा वास

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या टेबलावर ड्रिल मशीनची रांग लागते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वर्षभर पाण्याच्या मोटरी, मिक्सर, ग्राइंडर येत असतात, पण श्रावण सरत आला की मंडळांची पोरं, मांडववाले, घरी मखर उभं करणारे काका असे सगळे एकच तक्रार घेऊन दारात उभे राहतात.

"अक्का, धूर आला वो, आणि बंदच पडलं."

परवा असाच एक मुलगा आला. मी आधी मशीन नाकाशी धरलं. नुसतं गरम रबर किंवा कार्बनच्या भुकटीचा वास आला तर जीव भांड्यात पडतो, कारण काम थोडक्यात निभावतं. तांब्याच्या तारेवरचं व्हार्निश करपलं की मात्र नाकाला झोंबणारा, जड वास येतो आणि तो दोन दिवस मशीनला सोडत नाही. या मशीनला तोच वास होता. बाजूचे स्क्रू काढले, कव्हरचे दोन भाग वेगळे केले, तर आर्मेचर काळंठिक्कर.

"खांबात भोकं मारलीत ना? स्लॅबच्या, सिमेंटच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

मशीन उघडलं की वापरणाऱ्याचा हात दिसतो, असं आमचे आप्पा म्हणायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. वाइंडिंग मी त्यांच्याच शेजारी स्टुलावर बसून शिकले, आणि त्यांचं ते वाक्य मला रोज पटतं.

त्या मुलाचं मशीन ६०० वॅटचं, १३ मिलिमीटर चकचं, हॅमरचं बटण असलेलं साधं इम्पॅक्ट ड्रिल होतं. घराघरांत असतं तेच. त्याच्या पोटात काय चालतं ते एकदा समजून घेतलं तर निम्मी मशीन माझ्याकडे येणारच नाहीत. मधोमध आर्मेचर, म्हणजे तांब्याच्या तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग. त्याच्याभोवती न फिरणारी फील्ड कॉइल. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायला दोन बाजूंनी स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे दोन छोटे ठोकळे, आम्ही त्यांना नुसतं कार्बनच म्हणतो. पूर्ण बटण दाबलं की आर्मेचर मिनिटाला वीस हजारांच्या वर फेऱ्या मारतं. पुढचा गिअर तो वेग उतरवतो आणि चकला अडीच-तीन हजार फेऱ्या मिळतात. वेग उतरतो तसा जोर चढतो. सायकलवरून पन्हाळ्याचा चढ चढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता महत्त्वाचं. मशीन थंड ठेवणारा पंखा त्याच आर्मेचरच्या दांड्यावर बसवलेला असतो, त्याला वेगळी मोटर नसते. म्हणजे मशीन जोरात फिरतं तेव्हा वारा भरपूर, आणि अडखळत फिरतं तेव्हा वारा नाही. आणि नेमकं अडखळताना ते जास्त करंट ओढतं. उष्णता वाढते त्याच घडीला वारा कमी होतो. सिमेंटच्या खांबावर अंगाचा भार टाकून, बटण अर्धंच दाबून पाच-पाच मिनिटं रेटलं की आतल्या तारा भाजून निघतात. बाहेरचं प्लास्टिक तेव्हा फक्त कोमट लागतं, म्हणून माणूस थांबत नाही.

हॅमरच्या बटणाबद्दलही मोठा गैरसमज आहे. या मशीनमध्ये हातोडा नसतो. दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्या खडखडाटातून बिटाला बारीक धक्के मिळतात, बस. विटेच्या भिंतीला ते पुरतं. आरसीसीच्या खांबात १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं असेल तर रोटरी हॅमर लागतो. त्यात खरोखरच दट्ट्या असतो आणि तो हवेच्या दाबाने ठोका मारतो. असं मशीन दिवसाच्या भाड्यावर मिळतं. आणि मुळात खांब-तुळई पोखरू नका. त्यांत घराचा भार पेलणाऱ्या सळ्या असतात.

त्या मुलाला मी एकच सवय सांगितली. दोन-तीन भोकं झाली की बिट बाहेर काढायचं आणि मशीन पूर्ण वेगाने मिनिटभर मोकळं फिरवायचं. आतली गरम हवा निघून जाते. मशीन लगेच बंद केलं तर सगळी धग आतच कोंडते.

पण जळालेलं मशीन पुन्हा बांधता येतं. मला झोप लागू देत नाही ती दुसरीच गोष्ट.

मी दहावीत होते. तेव्हा बहुतेक ड्रिल लोखंडी-अॅल्युमिनियमच्या बॉडीची, वजनदार असायची. शेजारच्या शेडवर पत्रे मारायचे म्हणून माझा चुलतभाऊ आमच्याच दुकानातलं मशीन घेऊन गेला. जुलै महिना, पायाखाली चिखल, शिडी लोखंडाची. मशीनची तीन पिनांची टॉप फुटली होती. कुणीतरी दोन तारा सोलून सॉकेटमध्ये काड्यापेटीच्या काड्यांनी खोचल्या होत्या आणि तिसरी हिरवी तार, अर्थिंगची, कापून नुसती लोंबती ठेवली होती. आत कुठेतरी वाइंडिंग बॉडीला लागलं असणार. आम्ही अंगणातून बघत होतो. तो ओरडला नाही. नुसता ताठ झाला आणि मशीन छातीशी धरून थरथरत राहिला. आप्पांनी पळत जाऊन बोर्डातली तार ओढली. तो वरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, पण वाचला. नंतर तो एवढंच म्हणाला, "सोडायचं होतं, पण हात उघडंनाच."

हात का उघडला नाही ते मला पुढे कळलं. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे करंट हातातून गेला की स्नायू आवळतात आणि पकड आपल्या ताब्यात राहत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा करंट छातीतून थोडा वेळ जरी गेला तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो. आता घरातला एमसीबी बघा. तो ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा. माणूस चिकटून मरत असेल तरी त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. एमसीबी आहे तो तारा वाचवायला. माणसासाठी आरसीसीबी लागतो, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात. गेलेला करंट परत आला की नाही याचा तो हिशेब ठेवतो आणि ३० मिलिअँपिअरची तूट आली की डोळ्याची पापणी लवायच्या आत सप्लाय तोडतो. घरच्या मेन बोर्डावर तो आहे का, आज बघा. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर दिवे गेले पाहिजेत. नाही गेले तर वायरमनला बोलवा, आणि तो येईपर्यंत ड्रिल भिंतीला लावू नका. नसेलच बसवलेला, तर आधी तो बसवा, मग मशीन विकत घ्या. हे मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगते. काही जणांना कंटाळा येतो, तरी सांगते.

आजच्या बहुतेक ड्रिलना दोनच पिना असतात आणि त्यावरून लोक घाबरतात. अर्थिंग कुठे गेलं, असं विचारतात. मशीनच्या पट्टीवर बघा, चौकोनात चौकोन अशी खूण असेल. ती असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे, एक कवच फुटलं तरी दुसरं शिल्लक राहील असं बांधलेलं. त्याला अर्थिंगची गरज नाही आणि वरून जोडूही नये. जुन्या धातूच्या बॉडीच्या मशीनला मात्र तिसरी तार हवीच, आणि ज्या सॉकेटमध्ये लावाल तिथे खरोखरचं अर्थिंग हवं. बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर 'थोडासाच मारतंय' म्हणून चालवू नका. तो थोडासा शॉक कोरड्या फरशीवरचा आणि चपलेतला असतो.

दुहेरी इन्सुलेशनलाही एक मर्यादा आहे. बिट, चक आणि बऱ्याच मशीनमध्ये पुढचं गिअरचं तोंड धातूचंच असतं. भिंतीतली चालू तार बिटाला लागली की ते सगळं जिवंत होतं. म्हणून हात कायम प्लास्टिकच्या मुठीवर आणि बाजूच्या हँडलवर असावा, पुढच्या धातूवर कधीच नाही.

वायरबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त मार तिलाच बसलेला असतो. मशीनमधून वायर बाहेर येते तिथे रबराची एक शेपटी असते. ती शेपटी फाटली की वायर एकाच जागी वाकत राहते आणि आतले तांब्याचे बारीक केस एकेक करून तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. खूण अशी की चालताना वायर हलवली तर मशीन बंद-चालू होतं. त्या वेळी आत ठिणग्या पडत असतात. लोक तिथे चिकटपट्टी गुंडाळतात. असं करू नका. तेवढी वीतभर वायर कापून टाकायची, नवं टोक आत घेऊन क्लँपखाली घट्ट धरायचं आणि शेपटी नवी बसवायची. पाऊण तासाचं काम आहे. वायरच्या मध्येच कापलं गेलं असेल तर जोड देऊ नका, अख्खी वायर बदला. मशीन वायरला धरून उचलायचं नाही आणि शिडीवरून वायरला लोंबकळत खाली सोडायचं नाही. आमच्या गल्लीत हे रोज दिसतं.

एक्स्टेन्शनचंही तसंच. ६०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर अडीच अँपिअरच्या आसपास करंट घेतं, तेव्हा दीड स्क्वेअर मिलिमीटरची तार पुष्कळ झाली. पण रिळावरची वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, वेढे एकमेकांना भाजतात आणि प्लास्टिक चिकटून बसतं. असं चिकटलेलं एक रीळ मी दुकानात टांगून ठेवलं आहे, लोकांनी बघावं म्हणून.

आता भिंतीकडे. भोक पाडायच्या आधी मी पाच मिनिटं भिंतीकडे नुसती बघते. स्विचबोर्ड कुठे आहे, नळ कुठे आहे. बोर्डापासून पाइप बहुतेक सरळ वर किंवा खाली जातो, म्हणून बोर्डाच्या उभ्या आणि आडव्या रेषेत भोक नको. नळाच्या आणि शॉवरच्या वरच्या रेषेतही नको. जुन्या घरात तारा तिरक्याही नेलेल्या सापडतात. शंका असेल तर मेन बंद करा आणि दुसऱ्या घरातून, म्हणजे शेजाऱ्यांकडून, वायर घ्या. शेजारी नाही म्हणत नाहीत.

मग स्वतःकडे. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातलं लोंबणारं मंगळसूत्र, हातातला दोरा, घड्याळ. फिरणारा चक यातलं काहीही ओढून घेतो. मी साडीवर काम करते तेव्हा पदर पाठीमागून घेऊन कमरेला घट्ट खोचते आणि केस बांधते. हातमोजे घालू नका. लोकांना वाटतं मोज्याने हात वाचतो, पण कापडाचा एक धागा बिटात अडकला की मोजा बोटासकट गुंडाळला जातो. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच, नंबरचा नव्हे, बाजू झाकणारा. डोळ्यात कण गेलेली माणसं मी पाहिली आहेत ती भोक पाडताना नव्हे, तर पाडून झाल्यावर भोकात तोंडाने फुंकर मारताना. सिमेंटची भुकटी थेट डोळ्यात परत येते. भोकाची माती काढायला जुना टूथब्रश घ्या. आणि नाकाला मास्क लावा. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

बिट अडकलं की काय होतं, ते नवख्या माणसाला माहीत नसतं. बिट थांबतं आणि मशीन फिरतं. मनगटाला असा पीळ बसतो की हात आठवडाभर उचलवत नाही. म्हणून बाजूचं हँडल लावायचं, पाय रोवून उभं राहायचं आणि बोट बटणावरून कधीही सुटेल असं ठेवायचं. बटण आपोआप दाबून ठेवणारी बारीक कळ असते, ती भिंतीच्या कामात वापरू नका. मशीन सॉकेटला लावण्याआधी ती कळ दाबलेली राहिली नाही ना, हे बघा. नाहीतर स्विच टाकताच मशीन टेबलावरून उडी मारतं. पत्र्याचा किंवा पट्टीचा तुकडा हातात धरून भोक पाडायचं नाही. बिट आरपार जातं त्या क्षणी ते कडेला अडकतं, आणि तुकडा पात्यासारखा फिरतो. शिकंज्यात किंवा क्लँपमध्ये धरा.

चकची चावी मी वायरला, प्लगच्या अगदी जवळ, पट्टीने बांधून ठेवते. बिट बदलायचं म्हणजे चावी हवी, चावी हवी म्हणजे प्लग सॉकेटमधून काढावाच लागतो. आप्पांची युक्ती. चावी तिन्ही भोकांत आळीपाळीने फिरवून आवळा, एकाच भोकात आवळली तर बिट वाकडं बसतं आणि घसरतं.

बिटांबद्दल थोडक्यात. भिंतीचं बिट टोकाशी रुंद असतं, तिथे कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो. ते तापलं म्हणून पाण्यात बुडवू नका, तडकतं. लोखंडासाठी एचएसएसचं बिट घ्या, हॅमर बंद ठेवा, आधी पंचने खूण ठोका आणि थेंबभर तेल सोडा. बिट जाड तसा वेग कमी. लोखंडात ३ मिलिमीटरला तीन हजारापर्यंत फेऱ्या चालतात, १० मिलिमीटरला आठ-नऊशे पुरे. टाइल्सवर आधी चिकटपट्टी लावून हॅमरशिवाय हळू सुरुवात करा, टाइल पार झाली की मग हॅमर.

छताला भोक पाडताना सगळी धूळ मशीनच्या जाळीतून आत जाते. आइस्क्रीमच्या प्लास्टिक कपाला तळाशी भोक पाडून तो बिटावर चढवा. धूळ कपात साठते, डोळ्यावर येत नाही आणि मशीनमध्येही जात नाही.

देखभाल म्हणजे फार काही नाही. काम संपल्यावर जाळीवर ब्लोअरची हवा मारायची, नसेल तर कोरडा ब्रश फिरवायचा. ओल्या फडक्याने पुसताना जाळीत पाणी जाऊ द्यायचं नाही. कार्बन झिजतो, त्याची काळी भुकटी आत साचते आणि ती भुकटी वीज वाहून नेते. भुकटी आणि आमच्याकडची पावसाळी दमट हवा एकत्र आली की दुहेरी इन्सुलेशनही कमजोर पडतं. काम झालेलं प्रत्येक मशीन मी ५०० व्होल्टच्या मेगरला, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरला, लावते आणि ७ मेगओहमच्या खाली आकडा आला तर ग्राहकाच्या हातात देत नाही, पुन्हा साफ करून सुकवते.

जाळीतून आत बघितलं तर कार्बनपाशी बारीक निळ्या ठिणग्या दिसतात, त्या चालतात. पण आर्मेचरच्या टोकाभोवती आगीचं कडं फिरायला लागलं तर लगेच थांबा. बहुतेक वेळा कार्बन संपलेले असतात. पाच-सहा मिलिमीटर उरले की बदलायचे, आणि दोन्ही एकदम. एकच नवा घातला तर दाब सारखा राहत नाही. माप तंतोतंत हवं. मोठा कार्बन पॉलिश पेपरवर घासून बसवण्याची पद्धत सर्रास आहे, पण तो सैल राहिला की खडखडतो आणि तांब्याच्या पट्ट्या खातो. मग पन्नास-शंभर रुपयांच्या कार्बनपायी आर्मेचर जातं. नवे बसवल्यावर मशीन काही मिनिटं मोकळं चालवा, म्हणजे कार्बनचं तोंड आर्मेचरच्या गोलाईला बसतं.

लोकांच्या हातात मशीन जितकं स्वस्त पडतं तितकं ते हयगयीने वापरलं जातं, हे मला फार लागतं. आमच्याच जिल्ह्यात शिरोळला केपीटीच्या, म्हणजे पूर्वीच्या कुलकर्णी पॉवर टूल्सच्या, कारखान्यात ही यंत्रं बनतात. एका आर्मेचरमागे किती हात असतात ते मी स्वतः तारेचे वेढे घालते म्हणून जाणते. आणि मशीनपेक्षा मला त्याच्या मागचा माणूस जास्त दिसतो, ताठ झालेला, शिडीवरचा.

त्या मुलाचं आर्मेचर मी बदललं. कार्बन नवे घातले, रबराची शेपटी फाटली होती म्हणून वीतभर वायर कापली, गिअरला ताजं ग्रीस भरलं. काल संध्याकाळी तो न्यायला आला. मी त्याच्याच हाताने मशीन चालवायला लावलं. आवाज सलग होता, जाळीतून वारा हाताला लागत होता. तो खूश झाला. पैसे दिले आणि सवयीने वायर मशीनभोवती करकचून गुंडाळायला लागला.

मी त्याच्या हातातून मशीन घेतलं, वायर उलगडली, कोपरभर रुंदीचे सैल वेढे घातले आणि कापडाच्या चिंधीने बांधून परत दिलं. तो म्हणाला, "पिशवीत बसणार नाही अक्का." मग मी मागून मोठी पिशवी आणून दिली.